हरेपर्यंत कात्री नाही

चूक एकट्या एमेट ट्रास्कची होती. ती त्याने प्रार्थनाघरात, बायबलवर हात ठेवून, खणखणीत आवाजात केली होती, त्यामुळे "मी असं म्हणालोच नव्हतो" म्हणायचीसुद्धा सोय राहिली नव्हती.

झालं असं. १९०९ च्या सप्टेंबरात, अमेरिकेतल्या आयोवात, आमच्या विलो बेंड कॉलेजच्या फुटबॉल टीमकडे सगळं मिळून अकरा खेळाडू, एक चेंडू आणि दोन चामडी टोप्या होत्या. आता हा फुटबॉल म्हणजे पायाने टोलवत नाजूकपणे खेळायचा खेळ नव्हे. लंबगोल चेंडू पोटाशी आवळायचा, मान खाली घालायची आणि समोरच्या अकरा दांडग्यांच्या भिंतीत घुसायचं. पलीकडच्या रेघेपार चेंडू टेकवला की पाच गुण. अशा खेळात डोक्याला काहीतरी आडोसा हवाच. जुने खेळाडू सांगायचे, "आमच्या वेळी कुठल्या टोप्या नि काय! आम्ही केस वाढवायचो. केस हीच आमची गादी." एमेट टीमचा कप्तान. ते ऐकून त्याला असं काही स्फुरण चढलं की सोमवारच्या प्रार्थनेला सगळं कॉलेज जमलेलं असताना तो उठला, पुढे गेला आणि सगळ्या टीमच्या वतीने शपथ घेऊन मोकळा झाला.

"हा संघ फुटबॉलचा सामना हरेपर्यंत आमच्यापैकी कोणाच्याही डोक्याला कात्री आणि गालाला वस्तरा लागणार नाही!"

प्राचार्य डॉक्टर पेनिमन यांचे डोळे पाणावले. त्यांनी शपथ कागदावर उतरवून घेतली, अकराही जणांच्या सह्या घेतल्या आणि कागद प्रार्थनाघराच्या दारावर खिळ्याने ठोकला.

काय टाळ्या पडल्या म्हणता! पण खरं सांगायचं तर एमेटला त्यात जोखीम काहीच दिसत नव्हती. गेल्या वर्षी विलो बेंड आठपैकी आठ सामने हरलं होतं. यंदाचा पहिला सामना बारा दिवसांवर होता. बारा दिवसांत असे कितीसे केस वाढणार? शनिवारी दुपारी हरायचं आणि संध्याकाळी ऑटो ब्रुन्केनच्या दुकानात जाऊन खुर्चीत बसायचं, असा त्याचा साधासुधा बेत.

आणि त्या खुर्चीत बसणं त्याला फार निकडीचं होतं. ऑटो ब्रुन्केन हा गावातला एकुलता एक न्हावी. जर्मन माणूस, मेण लावून वळवलेल्या मिशा, आणि हात असा हलका की गिऱ्हाईक खुर्चीत घोरायला लागायचं. त्याची मुलगी हेडी कॉलेजातच शिकत होती. पण कॉलेजात तिच्याशी बोलणार कसं? नियम सातवा: विद्यार्थ्याने विद्यार्थिनीला स्पर्श करू नये, आणि सोबत पोक्त बाई असल्याशिवाय तिच्याशी बोलू नये. पोक्त बाई म्हणजे मुलींच्या वसतिगृहाच्या मिस अपहॅम. त्या शेजारी बसल्या की माणसाला साधं "आज थंडी आहे" म्हणायचीही भीती वाटायची.

न्हाव्याचं दुकान मात्र कॉलेजच्या हद्दीबाहेर. शनिवारी हेडी मागच्या स्वयंपाकघरातून गरम पाण्याची बादली घेऊन दुकानात यायची, टॉवेल बुडवायची, पिळायची, आणि खुर्चीतल्या माणसाशी खुशाल गप्पा मारायची. त्यामुळे गेलं वर्षभर एमेट दर शनिवारी केस कापून घेत होता. डोक्यावर कापण्यासारखं काही उरलेलंच नसायचं.

"आज काय कापू?" ऑटो विचारायचा.

"काहीही," एमेट म्हणायचा. नजर मागच्या दाराकडे.

शपथेची बातमी कळली तेव्हा ऑटो पोट धरून हसला. "शनिवारी संध्याकाळी या सगळे! कात्र्यांना धार लावून ठेवतो." हेडी मात्र हसली नाही. बादली खाली ठेवून तिने एमेटकडे पाहिलं. "आणि जिंकलात तर?"

"आम्ही?" एमेट म्हणाला. "अगं, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

आणि पहिला सामना विलो बेंड जिंकलं.

कसं जिंकलं हे विलो बेंडलाही कळलं नाही. समोरच्यांचा एक खेळाडू चिखलात घसरला, त्याच्यावर दुसरा पडला, दुसऱ्यावर तिसरा, आणि त्या ढिगाऱ्यातून आमचा हल्वर स्टेनस्रुड चेंडू घेऊन बाहेर आला. हल्वर म्हणजे शेतावर वाढलेला सव्वासहा फुटी पोरगा. कुठल्या बाजूला पळायचं ते त्याने आधी एमेटला विचारलं, मग पळाला. पाच विरुद्ध शून्य. गावाने चर्चची घंटा वाजवली. एमेट खांद्यांवर बसून गावात शिरला तेव्हा मिरवणूक ऑटोच्या दुकानावरून गेली. दारात हेडी टॉवेल घेऊन उभी होती. एमेटला खाली उतरता येईना. दुकानात जाऊन करणार काय? खुर्चीत बसायची सोयच उरली नव्हती.

दुसरा सामना जिंकले. तिसराही जिंकले. मग गावाला जे वेड लागलं त्याला तोड नाही. केस कापले तर टीमचं नशीब जाईल म्हणून दुकानदारांनी दाढ्या सोडल्या, बँकेच्या मॅनेजरने सोडली, स्टेशनमास्तरने सोडली. डॉक्टर पेनिमन यांची दाढी छातीवर उतरली आणि प्रवचन करताना त्यांना ती दोन्ही हातांनी आवरावी लागायची. बँडमास्तरच्या मिशा कर्ण्यात अडकल्या. लहान मुलं बापाला बघून भोकाड पसरायला लागली. हल्वर रविवारी घरी गेला तर आईने दार अर्धंच उघडलं नि म्हणाली, "कोण हवंय आपल्याला?"

"आई, मी!"

"मी कोण?"

कापणाऱ्याचा बिचाऱ्याचा जीव जात होता तो वेगळाच. ऑटो दिवसभर रिकाम्या खुर्चीशेजारी उभा राहून वस्तरा पाजळायचा. तीस वर्षांचा हात, आणि समोर सगळं गाव अस्वलासारखं हिंडतंय! तो टीमचा सामना चुकवत नसे, ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायचा, आणि घरी आला की एमेटच्या नावाने बोटं मोडायचा.

त्या दिवसांत दुकानात गिऱ्हाईक म्हणून एकच माणूस यायचा. पर्सी लुंड. दुधाची साय काढायची यंत्रं विकत गावोगाव फिरायचा. परगावचा, त्यामुळे आमच्या नशिबाशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. दर शनिवारी तो त्या खुर्चीत, एमेटच्या खुर्चीत बसायचा. गाल गुळगुळीत, भांग रेघ मारल्यासारखा, आणि केसांना असं सुगंधी तेल की माश्यासुद्धा घसरतील. हेडी टॉवेल आणायची. तो आभार मानायचा. रस्त्यापलीकडच्या कुंपणावर बसून एमेट काचेतून हे बघायचा आणि स्वतःची दाढी उपटायचा.

चौथा सामना जिंकल्यावर, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, ऑटोने त्याला स्वतःच गाठलं.

"पोरा, तुला म्हणून सांगतो. लुंडने हेडीला मागणी घातलीय."

एमेटने त्याची बाही धरली. "तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणालो, महिनाअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला, संध्याकाळी उत्तर देतो. तोपर्यंत आणखी कोणाला काही विचारायचं असेल तर त्याने विचारावं." ऑटोने मिशी पिळली. "पण माझ्या घरची रीत आहे. माझ्या बायकोच्या बापानेही मला असंच बसवलं होतं, तोही न्हावीच. मुलीला मागणी घालायची ती खुर्चीत बसून, साबण लावलेल्या तोंडाने. असल्या जंगलातून आलेला आवाज मी ऐकून घेणार नाही."

"मिस्टर ब्रुन्केन, मी शपथ घेतलीय हो!"

"मग हर."

"चार सामने झाले, हरताच येत नाहीये!"

"आणि शेवटचा थँक्सगिव्हिंगला आहे," ऑटो म्हणाला. "तोही जिंकलात तर? मोसम संपला. पुढचा सामना एकदम पुढच्या सप्टेंबरात. तोवर ही दाढी तुझ्या गुडघ्याला लागेल आणि हेडी दुसऱ्याच्या घरी नांदत असेल. शपथ घेताना एवढंही सुचलं नाही रे तुला, गाढवा?"

नव्हतं सुचलं. हरल्यावर काय करायचं हे सगळं ठरवून ठेवलं होतं, कधी हरलोच नाही तर काय, हा विचार आठच्या आठ सामने हरलेल्या माणसाच्या मनात येणार तरी कुठून?

मग एमेटने लाज सोडली. पाचव्या सामन्यात मुद्दाम हरायचं त्याने ठरवलं. चेंडू हातात आला की एरवी संघाला पुढे सरकायला तीन संधी मिळत. एमेटने पहिल्याच संधीला चेंडू लांब लाथाडून समोरच्यांना देऊन टाकायचा घाट घातला. आपल्या हातातली भाकरी शेजाऱ्याच्या ताटात टाकण्यातलाच हा प्रकार. पण तेव्हाचा नियम असा की लाथ मारलेला चेंडू जमिनीला लागला की तो ज्याच्या हाती येईल त्याचा. एमेटने लाथ घातली, चेंडू वेडावाकडा उडाला, जमिनीवर आपटला, समोरच्या कप्तानाच्या नाकावर आदळला आणि उडून नेमका हल्वरच्या कुशीत जाऊन बसला. हल्वर या खेपेला दिशा न विचारता पळाला.

एमेटने पुन्हा तेच केलं. पुन्हा तेच झालं. दहा विरुद्ध शून्य! दुसऱ्या दिवशीच्या पेपरात 'ट्रास्कचा नवा गनिमी डाव' म्हणून अर्धा रकाना छापून आला. सहाव्या सामन्यात तर समोरचे त्याने नुसता पाय उचलला तरी नाकावर हात ठेवून मागे पळत होते.

पण मन खात होतं. पाचव्या सामन्यात हल्वरच्या गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, आणि तसल्या खांद्याने तो पठ्ठा सहावा सामना खेळला, कारण आमच्याकडे बारावा माणूसच नव्हता. कुठल्या तोंडाने त्याच्याकडे बघायचं? एमेट सरळ ऑटोच्या मागच्या दाराशी गेला. हेडी बादली विसळत होती. त्याने एका दमात सगळं सांगून टाकलं. मागणीचं, खुर्चीचं, लाथांचं.

हेडीने सगळं ऐकून घेतलं आणि बादलीतलं पाणी त्याच्या अंगावर फेकलं.

"अगं!"

"लाज नाही वाटत? तो हल्वर एका हाताने खेळतोय आणि तू मुद्दाम हरतोस?"

"तुझ्यासाठी हरत होतो!"

"माझ्या नावावर खपवू नकोस. आज माझ्यासाठी मुद्दाम हरशील, उद्या माझ्याशी भांडतानाही मुद्दाम हरशील, आणि मी जन्मभर विचार करत बसेन की हा खरं बोलतोय की मला खूश करतोय. असला नवरा मला नकोय." तिने रिकामी बादली खाली आपटली. "लुंडही नकोय. बाबांना मी सांगेन तसं. पण तू शेवटच्या सामन्यात अंग चोरलंस ना, तर तूही नकोस. जिंकून ये."

"जिंकलो तर खुर्चीत कसा बसू? आणि खुर्चीत बसलो नाही तर तुझे बाबा..."

"ते मला नको विचारूस. शपथ मी घेतली होती का?" असं म्हणून तिने दार लावून घेतलं. पाण्याने थबथबलेल्या एमेटला मात्र एवढं कळलं, की लुंड तिला नकोय. तो रस्त्याने उड्या मारत गेला.

सातवा सामना त्याने जीव तोडून खेळला आणि जिंकला. उरला आठवा. थँक्सगिव्हिंगचा गुरुवार, आणि समोर मार्कहॅम युनिव्हर्सिटी. त्यांच्याकडे बावीस खेळाडू, प्रत्येकाला चामडी टोपी, आणि स्वतःची रेल्वेगाडी करून आलेले. सगळा तालुका सणाचं टर्कीचं जेवण चार तास पुढे ढकलून मैदानाच्या दोरीशी उभा होता. दाढ्याच दाढ्या! त्यात एकच चकचकीत चेहरा. पर्सी लुंड फुलांचा गुच्छ घेऊन ऑटोशेजारी उभा होता.

मार्कहॅमवाल्यांनी आमच्या पोरांना तासभर तुडवलं, पण रेघ काही ओलांडता आली नाही. दर वेळी शेवटच्या दोन यार्डांवर हल्वर आडवा पडायचा आणि त्याच्यावरून कोणी जाऊ शकायचं नाही. शून्य-शून्य. मग उजेड उतरणीला लागलेला असताना मार्कहॅमचा चेंडू निसटला आणि थेट एमेटच्या हातात आला. समोर साठ यार्ड मोकळं रान.

त्या क्षणी त्याच्या मनात आलं, सोडून द्यावा. चेंडू ओला आहे, हात बधिर झालेत, कोणाला कळणारसुद्धा नाही. चेंडू सुटला की मार्कहॅम उचलेल, आणि संध्याकाळी खुर्ची. कळणार होतं ते फक्त त्याला स्वतःला.

तेवढ्यात दोरीपलीकडून हेडीचा आवाज आला. "पळ ना, गाढवा!"

एमेट पळाला. केस डोळ्यांवर, दाढी खांद्यावरून मागे, पाठीशी बावीस पाय. रेघेपार जाऊन तो चेंडूवर पडला तो उठलाच नाही, लोकांनी त्याला उचलला. पाच-शून्य! आठपैकी आठ! टोप्या उडाल्या, बँड सुरात वाजायचा विसरला, मिस अपहॅमनी स्टेशनमास्तरला मिठी मारली. खांद्यांवरचा एमेट हुंदके देऊन रडत होता, आणि "बघा, आनंदाने रडतोय पोरगा" म्हणत लोकही रडत होते. समोर ऑटोने खिशातलं घड्याळ काढून बघितलं आणि मान हलवली. लुंडने गुच्छ झटकून सरळ केला.

"थांबा!"

हेडी मैदानाच्या मधोमध उभी होती. तिच्या मागे कॉलेजच्या बास्केटबॉलच्या दहा पोरी, गुडघ्याखाली बांधलेल्या त्यांच्या ढगळ तुमानी घालून, बाह्या सावरून. हेडी त्यांची कप्तान. तिच्या हातात प्रार्थनाघराच्या दारावरचा कागद होता, खिळ्यासकट.

"डॉक्टर पेनिमन, यात लिहिलंय, हा संघ फुटबॉलचा सामना हरेपर्यंत. तो कोणाशी हरायचा ते लिहिलेलं नाही. आमची अकरा जणींची टीम या संघाला आव्हान देते. आत्ता, इथेच. जो पहिल्यांदा रेघ ओलांडेल तो जिंकला."

मैदानावर असा सन्नाटा पसरला की दाढी खाजवल्याचा आवाज ऐकू यावा. आणि खाजवत सगळेच होते. डॉक्टर पेनिमननी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. त्यांचीही हनुवटी दोन महिने खाजत होती, पण माणूस तत्त्वाचा.

"ठीक आहे," ते म्हणाले. "पण ऐका, मुलांनो. सामना खरा झाला पाहिजे. जो मुद्दाम हरेल त्याने बायबलवरची शपथ मोडली, आणि त्याचं नाव मी आज पटावरून काढीन. कोणी अंग चोरायचं नाही." मग त्यांना आठवलं. "आणि नियम सातवा लागू आहेच. विद्यार्थिनीला स्पर्श करायचा नाही!"

"डॉक्टर," हल्वर केविलवाणा होऊन म्हणाला, "हात न लावता अडवायचं कसं?"

"ते तुम्ही बघा," डॉक्टर म्हणाले आणि शिट्टी फुंकली.

काय तो सामना! आयोवातल्या मक्याच्या शेतांनीही असलं काही पाहिलं नसेल. आमचे अकरा वाघ दमून लटपटत होते, पण नाव कापलं जाण्याची धास्ती, तेव्हा धावत होते जीव खाऊन. हल्वर हात पाठीशी बांधून पोरींच्या आडवा जायचा आणि कोणी जवळ आली की घाबरून बाजूला उडी मारायचा. दोघे जण हात लागू नये म्हणून एकमेकांवर आपटले. तिसरा मिस अपहॅमच्या मांडीत जाऊन पडला. आणि पोरी? त्या चेंडू पोटाशी धरून घुसतच नव्हत्या. बास्केटबॉलच्या पोरी त्या, चेंडू हवेतून एकीकडून दुसरीकडे असा जात होता की आमच्यांच्या माना दुखल्या. हिच्याकडून तिच्याकडे, तिच्याकडून आणखी कोणाकडे, वीस यार्ड, तीस यार्ड, आणि शेवटी लांबून आलेला चेंडू हेडीने उडी मारून झेलला.

समोर फक्त एमेट.

पळून पळून त्याचे पाय लाकडासारखे झाले होते, पण तो तिच्या वाटेत येऊन उभा राहिला. हात पाठीमागे, छाती पुढे. बाजूला व्हायचं नाही, हे त्याने ठरवलंच होतं. हेडीही वळली नाही. तिने खांदा खाली केला, मान वाकवली आणि सरळ येऊन त्याच्या बरगड्यांवर आदळली. वर्षानुवर्षं गरम पाण्याच्या बादल्या वाहणारा तो खांदा! मार्कहॅमच्या बावीस जणांना जमलं नव्हतं ते झालं. एमेट उताणा पडला आणि त्याला आकाशात दिवसाढवळ्या चांदण्या दिसल्या. पुढच्याच क्षणी लोकांच्या आरोळीने मैदान हादरलं. हेडी रेघेपार पोचली होती. विलो बेंडचा अजिंक्य संघ हरला होता.

त्यानंतर जी पळापळ झाली ती सामन्यातही झाली नव्हती. अख्खं गाव ऑटोच्या दुकानाकडे सुटलं. रांग दुकानापासून चर्चपर्यंत गेली. लुंडने चिखलाने माखलेली, केस सुटलेली, मोठमोठ्याने हसणारी हेडी एकदा नीट बघून घेतली, गुच्छ बँडमास्तरच्या हातात दिला आणि पाच चाळीसची गाडी पकडली. जाताना म्हणाला म्हणे, "मला जरा शांत स्वभावाची मुलगी हवी होती." तोही खोटं बोलत नव्हता.

खुर्चीत पहिला मान कप्तानाचा. ऑटोने त्याच्या गळ्याभोवती पांढरी चादर बांधली, कात्री घेतली, आणि दोन महिन्यांचा उपाशी हात असा काही चालला की केसांचा ढीग एमेटच्या पोटऱ्यांपर्यंत आला. ऑटो जर्मनमध्ये गात होता. मग साबणाचा फेस, मग वस्तरा. अर्धा गाल मोकळा झाला तेव्हा एमेटने घसा साफ केला.

"मिस्टर ब्रुन्केन, मला तुमच्याकडे एक मागायचंय..."

"बाबा, थांबा."

हेडी मागच्या दारात उभी होती. बादली नव्हती आज. चेहऱ्यावरचं हसूही गेलं होतं. खिडकीला नाक लावून उभे असलेले तीस जण काचेला आणखी चिकटले.

"आधी मला याला विचारायचंय," ती म्हणाली. "एमेट, खरं सांग. तू मुद्दाम पडलास का?"

"नाही."

"खूश करायला म्हणत असशील तर नको. तुला हरायचंच होतं. तू हरलास म्हणूनच आज इथे बसलायस. मी कसं मानू?" तिचे डोळे भरले होते. "मला जिंकल्याचा एवढा आनंद झाला, एमेट. तो खोटा असेल तर आत्ताच सांग."

एमेटच्या तोंडावर फेस, गळ्याशी तिच्या बापाचा वस्तरा. मान हलवायची सोय नव्हती. त्याने नुसता चादरीखालून उजवा हात बाहेर काढला.

हातात एक बूट होता. बायकांचा, काळा, घोट्यापर्यंतचा, नाडी तुटलेला, आत चिखल भरलेला.

हेडीने खाली बघितलं. तिच्या एका पायात बूट होता आणि दुसऱ्यात नुसता लोकरी मोजा, चिखलाने काळा झालेला. त्या गडबडीत तिला पत्ताच नव्हता.

"पडता पडता धरला होता तुझा पाय," एमेट ओठ न हलवता म्हणाला. "दोन्ही हातांनी. चांगला घट्ट धरला होता. नियम सातवा मोडला, नाव कापतील म्हणून कोणाला बोललो नाही. पण तू ओढून नेलास गं पाय! मी काय करू?"

हेडीने पाय उचलून मोजा नीट पाहिला. मग अशी हसायला लागली की तिला दाराला धरावं लागलं. हसता हसता रडली आणि रडता रडता परत हसली. रांगेत दुसरा नंबर डॉक्टर पेनिमन यांचा होता. त्यांनी तो बूट पाहिला, खाकरले, आणि दुकानाच्या छताकडे फार लक्ष देऊन बघायला लागले.

हेडी एका पायावर लंगडत पुढे आली. बूट त्याच्या हातून घेतला नाही. खुर्चीच्या लोखंडी पायरीवर तिने मोज्याचा पाय ठेवला.

"घाल," ती म्हणाली. "आणि मग बाबांना काय विचारायचं ते विचार."